न वाजणारी झडप

प्रवासाला निघताना माणसाच्या अंगात थोडा तरी उत्साह असावा, असं प्रवासवर्णनं लिहिणारे सांगतात. माझ्या अंगात निघताना फक्त पायदुखी होती. वीसेक वर्षं ऑपरेशन थिएटरात उभं राहून काढली की पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, आणि दिवाळीनंतरची रजा मी पाय उशीवर ठेवून झोपण्यासाठीच राखली होती. ती रजा भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात कशी खर्ची पडली, ते सांगते. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना थोडीफार कल्पना येईल. ज्यांनी पाहिलाय ते माझ्या चुका काढतीलच.

मी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात थिएटर सिस्टर आहे. आमच्याकडे हृदय उघडून ऑपरेशनं होतात. रक्त एकाच दिशेनं जावं म्हणून हृदयात पातळ पडद्यांच्या झडपा असतात. लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेला की काही मुलांच्या झडपा त्यात खराब होतात, रक्त उलटं फिरायला लागतं, दम लागतो, पायांवर सूज येते. अशी झडप काढून तिच्या जागी कृत्रिम झडप शिवायची, हे आमच्या सरांचं काम. आजवर आम्ही जी शिवत आलो ती म्हणजे धातूचा एवढासा पिंजरा आणि त्यात खालीवर उडणारी गोटी. यंदा परदेशातून नवी आली. एक कडी, आणि त्या कडीत कलती होणारी चपटी चकती. सर तिच्यावर इतके खूश की जेवणाच्या सुट्टीत ती बशीत ठेवून चमच्यानं हलवून दाखवायचे. मला नव्या वस्तूंचं कौतुक फारसं उरलेलं नाही. नवी झडप म्हणजे नवी मापं, नवे चिमटे, निर्जंतुक करायची नवी तऱ्हा, आणि ते सगळं आधी स्वतः शिकून मग थिएटरातल्या पोरींना शिकवणारी मी.

ही नवी झडप आमच्याकडे पहिल्यांदा बसायची होती ती हौसाला. हौसा एकोणीस वर्षांची, वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीतली. (इथली नावं मी सगळी बदलली आहेत. का, ते पुढं येईल.) लग्न होऊन दोन वर्षांच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली होती, कारण पाण्याचा हंडा उचलला की ती खाली बसायची. तिचं हृदय लहान, जुना पिंजरा त्यात मावणार नाही. नवी चपटी झडपच काय ती बसली असती. सगळं ठरलं, आणि ऐन वेळी तिची आई अनसाबाई तिला घेऊन गावी निघून गेली. भात काढायला आलाय, दिवाळी झाली की येतो, म्हणाली. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, मायलेकींचा पत्ता नाही.

सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, ही मुलगी आली नाही तर पुढचा पावसाळा बघणार नाही. मी बोललो की ते लोक मान डोलावतात आणि जातात. तुम्हाला काही सांगतील." आणि नव्या झडपेचा एक नमुना डबीत घालून माझ्या हातात दिला, त्यांना दाखवायला. शिवाय जाता जाता भाटघरच्या बबनला सोबत घ्या, असंही सांगितलं. त्या भागात जुनी झडप बसवलेला तो एकटाच. चालताबोलता पुरावा बरोबर असला की काम सोपं होईल, असा सरांचा हिशोब.

कापूरहोळ

पुण्याहून साताऱ्याच्या गाडीनं कापूरहोळला उतरले. इथून भोरचा फाटा फुटतो. पंक्चरची दुकानं, ट्रकवाल्यांसाठी दोन-तीन ढाबे, आणि भोरच्या गाडीची वाट बघणारी माणसं. ती कधी येणार असं विचारलं तर जो तो आत्ता येईल म्हणतो आणि पुन्हा बिडी पेटवतो.

चहावाल्यानं चहा देण्याआधी माझी चौकशी उरकली. कोण गाव, भोरात कुणाच्यात चाललाय, मालक काय करतात. मी मूळची वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे अशी चौकशी करतात, पण आडून आडून, समोरच्याला कळू न देता. इथं सरळ तोंडावर. लग्न केलं नाही म्हटल्यावर त्यानं थोडा वेळ माझ्याकडे दयेनं पाहिलं, आणि इस्पितळात असते म्हटल्यावर लगेच मनगट पुढं केलं. नाडी बघा म्हणाला. मी बघितली. चांगली होती. मग भजी तळणाऱ्याची बघितली, पंक्चरवाल्याची बघितली, एका क्लीनरची बघितली. माझा चहा तोवर निवून गेला होता. पैसे मात्र घेतले नाहीत, आणि गाडी आल्यावर खिडकीची जागा धरून दिली.

भोर

भोर हे जुन्या संस्थानचं गाव, आता तालुक्याचं. कचेऱ्या, बाजार, एस.टी.चा डेपो, रस्त्यात गटागटानं बोलत उभी असलेली कॉलेजची पोरं. डेपोच्या पायरीवरच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय चपलेत आणि एक पाय धुळीत अशी मी भर बाजारातून चांभार शोधत गेले. थिएटरात ज्या बाईपुढं शिकाऊ डॉक्टर चळाचळा कापतात, ती बाई ती हीच.

बाजारात नवा आंबेमोहोर आला होता. पोत्याचं तोंड उघडलं की वास सगळ्या गल्लीत पसरायचा. आम्ही उकड्या तांदळावर वाढलेली माणसं. असला नाजूक भात आम्हाला आजाऱ्याचं जेवण वाटतो. पण त्या संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांच्या खोलीवर तो आंबेमोहोर आणि वर तूप-मेतकूट वाढलं, तेव्हा मी तीनदा घेतला. त्याच म्हणाल्या, इकडची माणसं ऑपरेशनला घाबरतात असं समजू नका, कोयत्यानं बोट तुटलं तर स्वतःच बांधून येतात. त्यांच्या मनात काय आहे ते विचारा. मला ते तेव्हा उपदेशासारखं वाटलं. पाय इतके ठणकत होते की मी हो हो म्हणून आडवी झाले.

भाटघर

भाटघरचं धरण जुनं, दगडी, इंग्रजी अमदानीतलं. बबन तिथंच धरणाच्या बाजूला राहतो. घर बौद्धवाडीत, समोर वांग्याचं वावर, आत भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली इस्पितळानं दिलेला त्याचा छातीचा फोटो, काळा, चौकटीत बसवलेला. पिंजरा त्यात पांढरा दिसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचा, हा सुभद्राबाईंचा, म्हणजे त्याच्या बायकोचा शिरस्ता.

बबन आत आला तो आधी ऐकू आला. टक, टक, टक. त्याच्या छातीतली गोटी पिंजऱ्यात उडते आणि शांत जागी चार हातांवरून ऐकू येते. वाडीतली मुलं त्याला घड्याळमामा म्हणतात. लपाछपी खेळताना त्याला कुणी घेत नाही. हे त्यानंच हसत सांगितलं. ती झडप मी माझ्या हातानं सरांच्या हातात दिली होती. ती अशी भाकरीच्या टोपलीपलीकडून वाजताना ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. पोटऱ्या तेवढ्यापुरत्या दुखायच्या थांबल्या.

सुभद्राबाईंनी धरणातल्या माशांचं कालवण केलं. मासा ताजा, पण खोबरं नाही, कोकम नाही, नुसता तिखटाचा जाळ. मी वेंगुर्ल्याची आहे असं सांगितल्यावर त्यांनी मुद्दाम विचारलं कसं झालंय, आणि मी डोळ्यांतून पाणी गाळत फार छान म्हणाले. त्या म्हणत होत्या, बबन मागं तपासणीसाठी वॉर्डात होता तेव्हा हौसाही तिथं होती, आणि अनसाबाई आणि त्या बाहेरच्या बोळात एकाच चटईवर झोपायच्या. अनसाबाई बबनच्या दाराशी कान लावून बसायच्या. सुभद्राबाईंना त्याचं फार अप्रूप. मला म्हणाल्या, "बाई, ही टकटक हाय ना, ती माझी अंगाई. ती चालू हाय तवर मला घोर न्हाई. पाठ टेकली की म्या ठार झोपते."

बबन तेव्हा भाकरी मोडत होता. मान वर न करता मोडत राहिला. माझ्याबरोबर यायला मात्र लगेच तयार झाला.

वेल्हे

भोरहून वेल्ह्याला जायचं म्हणजे पुन्हा हमरस्त्याला यायचं आणि नसरापूरकडून आत वळायचं. गाडीत बबनशेजारी बसलेल्या म्हातारबाबांनी बराच वेळ आपल्या पिशव्या चाचपल्या, मग सीटखाली वाकून बघितलं. शेवटी कंडक्टरला म्हणाले, गाडीचा खिळा ढिला झालाय. बबननं त्यांचा हात घेऊन आपल्या छातीवर ठेवला. त्यांनी तो वेल्हे येईपर्यंत काढला नाही.

वेल्ह्यात उतरलं की तोरणा समोर उभा. इतका जवळ की मान मागं टाकावी लागते. बबन त्याच्याकडे न बघता चालत होता आणि मी माझ्या पायांकडे बघत होते, त्यामुळे या किल्ल्याचं वर्णन दुसऱ्या कुणीतरी लिहावं हे बरं. वाडीची वाट बांधाबांधानं जाते. खाचरं कापून झाली होती, जागोजाग भाताच्या पेंढ्या रचलेल्या, वर उतारावर नाचणी अजून उभी. चढ आला की बबन थांबायचा, माझ्यासाठी. हृदयात पिंजरा असलेला माणूस थिएटर सिस्टरसाठी थांबतो आहे, हे दृश्य सरांना दाखवायला हवं होतं.

वाडी

मायलेकी खळ्यात होत्या. अनसाबाई लाकडी फळीवर पेंढी आपटून भात झोडत होत्या. हौसा सावलीत पोत्यावर बसून पाखडलेल्यातले खडे वेचत होती. पाय लांब केलेले, घोट्यांवर सूज, ओठ निळसर. आम्हाला बघून ती हसली आणि तेवढ्यानंही तिला एक श्वास जास्त घ्यावा लागला.

बबन खळ्याच्या कडेला उभा राहिला. हे मराठ्यांचं घर, तो बौद्ध, आणि गाव म्हटलं की कुणी कुठं उभं राहायचं हे अजूनही ज्याचं त्याला ठाऊक असतं. अनसाबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली. "बोळात एका चटईवर झोपलू सगळी, आन आता कडंला का हुबं? या हितं," असं म्हणून त्यांनी हौसाशेजारी पोतं झटकून टाकलं. मग आम्हा दोघांना एकाच तांब्यातून पाणी दिलं. शेजारच्या खळ्यातल्या दोघी बघत होत्या. अनसाबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली.

आल्या आल्या कामाचं बोलू नये एवढं मला कळतं. गुळाचा चहा झाला. हौसाचा बाप मुंबईला हमालीला, तो बायको सांगेल ते बरोबर म्हणणारा. या सालचा भात बरा आलाय. हे सगळं होईपर्यंत मी हौसाकडे बघत होते. उन्हाची तिरीप तिच्या हातावर आली होती आणि ती दाणे वेचून एका बाजूला, खडे दुसऱ्या बाजूला करत होती. टेबलावरून परत न उतरलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. त्यांतल्या काही जणांना आम्ही असंच घरून समजावून आणलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, राहू द्यावं हिला. जेवढे दिवस आहेत तेवढे या खळ्यात काढू देत. मी थकले आहे, तिची आई थकली आहे, आणि नव्या झडपेवर हात बसलेलं आमच्यात कुणी नाही. पण मला त्यासाठी पाठवलं नव्हतं. मी डबी काढली.

अनसाबाईंनी हात लुगड्याला पुसले आणि झडप तळहातावर घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. बोटानं चकती कलती केली. मला विचारलं, ही आधी कुणाला बसवली का. मी म्हटलं, परदेशात पुष्कळांना, आमच्याकडे कुणालाच नाही.

"म्हंजी हितं माजी पयली."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलण्याचं त्राण नव्हतं.

"असंना. कुणीतरी पयलं असतंयच," त्या म्हणाल्या. आणि झडप कानापाशी नेऊन त्यांनी हलवली. पुन्हा हलवली. दुसऱ्या कानाशी धरून हलवली. नखावर नख लागावं एवढा आवाज येत होता. त्यांनी ती माझ्या हातात परत दिली.

"सायब म्हणलं व्हतं, वाजत न्हाई. मला वाटलं, असंच बोलत असतील. खरंच न्हाई वाजत की."

तेव्हा मला उलगडा झाला. ऑपरेशन ठरलं तेव्हा सर मोठ्या कौतुकानं या बाईला सांगून गेले होते की नव्या झडपेचा आवाज होत नाही, शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. मी तिथंच उभी होते. अनसाबाईंनी मान डोलावली होती, आणि दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं होतं.

मी समजावायला लागले. झडप वाजते म्हणून चालते असं नाही, डॉक्टरची नळी छातीला लावली तर हिचाही ठोका ऐकू येतो, आणि जुनी हिच्या हृदयात मावायचीच नाही. अनसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या डोंगराकडे हात केला. तिथं झाडीत गुरं चरत होती. एकही दिसत नव्हतं, पण गळ्यातल्या घंटांचा आवाज इथवर येत होता.

"बाई, रानात जनावर दिसत न्हाई, वाजतं. वाजायचं थांबलं की आमी हुडकाया निगतू. हिचा थोरला भाव व्हता. त्यालाबी असाच दम लागायचा. एका रातीत गेला. म्या शेजारी निजले व्हते. पाटं उटले, चूल पेटवली, भाकऱ्या टाकल्या, मंग त्याला उटवाया गेले. मला कळलं न्हाई. शेजारी असून कळलं न्हाई. ह्या बबनची वाजनारी हाय, त्याच्या कारभारनीला कळंल. तसली बसवा, म्या आत्ता उटते. न वाजनारी मला नगं."

वैद्यकाच्या पुस्तकात याला उत्तर नाही. आणि बाई चुकीचं बोलत होती असंही नाही. मी बबनकडे पाहिलं. तू सांग, असं मी डोळ्यांनी म्हटलं. म्हणजे, वाजणं न वाजणं महत्त्वाचं नाही, असं काहीतरी तो बोलेल, अशी माझी अपेक्षा.

बबननं छातीवर हात ठेवला. सगळ्यांना त्याची टकटक ऐकू येत होती.

"आक्का, माझी कारभारीन झोपती, ते खरं. म्या न्हाई झोपत," तो म्हणाला. "ही बसवल्यापासनं धड झोपलो न्हाई. टक म्हणलं की वाटतं, आता फुडचं टक येतंय का न्हाई. आलं की त्याच्या फुडच्याचा घोर. दिसा कामात ध्यान लागत न्हाई. रातीला दुसरं काय ऐकू येत न्हाई. उशी दाबून बघितली, कानात कापूस घालून बघितला. ते आतनंच वाजतंय, कापूस काय करल? सुभद्रीला म्या सांगितलं न्हाई. ती त्याच्यावं झोपती, तिची झोप कशाला मोडू?" मग हौसाकडे वळून म्हणाला, "हिला न वाजनारी भेटत आसंल तर ती घ्यावी. मला भेटली आसती तर म्या घेतली आसती."

माझ्या हातून दिलेली झडप. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की कालपासून मी ती टकटक आपल्याच कर्तबगारीसारखी ऐकत होते. तपासणीला येतो तेव्हा आम्ही त्याला सगळं विचारतो, दम लागतो का, सूज आहे का, गोळ्या घेतोस का. झोपतोस का, हे कुणी विचारलं नव्हतं. नावं बदलली आहेत ती याच्यासाठी. सुभद्राबाईंना वाचता येत नाही, पण वाचून दाखवणारे गावोगाव असतात.

अनसाबाई पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिल्या. शेवटी खाली बघूनच म्हणाल्या, "तुजं खरं रं बाबा. पर मग मला कसं कळायचं?"

आणि तेव्हा हौसा बोलली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. तिला सबंध वाक्य एका श्वासात जमत नव्हतं, म्हणून ती तोडून तोडून बोलली.

"आये, तू हाक मार की. म्या ओ दीन."

हे मला वाटलं तेवढं साधं बोलणं नव्हतं. बबननं नंतर उतरताना सांगितलं. या डोंगरात बायका मोळीला जातात तेव्हा झाडीत पांगतात, एकमेकींना दिसत नाहीत. मधूनमधून एकीनं हाक मारायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, असा रिवाज आहे. एकीची ओ आली नाही तर मोळ्या तिथंच टाकून सगळ्या शोधायला फिरतात. ओ दिल्याशिवाय कुणी राहत नाही, रागावलेली असली तरी. आजारी पडल्यापासून हौसा मोळीला गेली नव्हती.

अनसाबाईंनी हो म्हटलं नाही. उठल्या, शेजारच्या खळ्यातल्या त्या दोघींकडे गेल्या आणि म्हणाल्या, उरलेलं तेवढं झोडून घ्या, मी पोरीला घेऊन मुंबईला चालले.

परत

परतीच्या प्रवासाचं फार लिहीत नाही. सकाळी वाडीतल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून हौसाला खांद्यावरून वेल्ह्यापर्यंत उतरवली. आळीपाळीनं खांदा बदलत होते, आणि एकाला आपली पाळी चुकवल्याचा राग आला म्हणून वाटेत भांडणही झालं. आमच्याकडे माणूस दुखण्यात पडलं की माणसं पेज घेऊन येतात. इथं खांदा घेऊन आली. एस.टी.त कंडक्टरनं पुढचं बाकडं रिकामं करून दिलं. नसरापूरच्या फाट्यावर बबन उतरला. निघताना त्याला झोपेच्या गोळ्यांबद्दल सरांशी बोलते म्हटलं. तो म्हणाला, बघा जमलं तर, आणि भाटघरकडे जाणाऱ्या टेम्पोत चढला. त्यानंतर पुण्यापर्यंत मी आणि अनसाबाई एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो.

ऑपरेशन झालं. नव्या झडपेला मी शिव्या घालत शिकलेले सगळे चिमटे लागले. सर एक शब्द बोलले नाहीत, ते कठीण जात असलं की बोलत नाहीत. हृदय पुन्हा धडधडायला लागलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे सुया मोजत होते.

ऑपरेशननंतर श्वासाची नळी घशात असते, माणूस शुद्धीवर आला तरी बोलू शकत नाही. हे मी अनसाबाईंना आधी सांगायला विसरले. त्यांना दारापर्यंतच येऊ देतात. त्यांनी दारातून हाक मारली, "हौसेऽ". आतून काही आलं नाही. पुन्हा मारली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला जन्मभर पुरेल. मी त्यांना नळीचं समजावलं, काचेतून तिचे हलणारे डोळे दाखवले. त्या हो म्हणाल्या आणि दाराबाहेर भिंतीला टेकून बसल्या. चहा नको, भात नको, चटई नको. मधूनमधून उठून हाक मारायच्या आणि कान देऊन उभ्या राहायच्या. तिथल्या सिस्टरनं मला विचारलं, या बाईला खाली पाठवू का. मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली. मी थिएटरातलं काम आटपून तिकडे गेले, खरं म्हणजे दहा मिनिटं खुर्चीवर बसायला मिळावं म्हणून. हौसाचे ओठ गुलाबी झाले होते. मी जवळ जाऊन तिची नाडी धरली आणि कान दिला. झडप चालू होती, आणि बाहेर काही ऐकू येत नव्हतं. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं की नाही कोण जाणे. घसा नळीनं सोललेला. तरी तिनं दाराकडे तोंड करून हाक मारली.

"आये."

मी दाराबाहेर पाहिलं. अनसाबाई भिंतीशी एका अंगावर कलंडून, पदर तोंडावर घेऊन झोपल्या होत्या. इतक्या गाढ की जवळून स्ट्रेचर खडखडत गेलं तरी हलल्या नाहीत.

आतून पुन्हा आलं, "आये."

त्या बाईला उठवायला माझा हात होईना. मी परत फिरले, हौसाच्या उशाशी वाकले, आणि ओ दिली.